गाडी बघणारे गुरुजी

गुरुजींना गाडी चालवता येत नव्हती, हे आधी सांगून टाकतो. चारचाकी सोडाच, सायकलसुद्धा धड येत नव्हती. आयुष्यभर ते एसटीनं आणि पायी हिंडले. पण अहमदपूरपासून औशापर्यंत आणि इकडं लोह्यापर्यंत कुणा कारागिराला जुनी पिकअप घ्यायची असली, की तो गुरुजींच्या दारात जाऊन बसायचा. सुतार, प्लंबर, वेल्डिंगवाले, फरशीवाले, सगळे. मी बोअरच्या मोटारी काढायचं-सोडायचं काम करतो. मीही तसाच जाऊन बसलो होतो.

विज्ञानाचे शिक्षक म्हणून रिटायर झालेले. अहमदपूरच्या मार्केट यार्डमागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात ते आणि काकू राहायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेनाच्या जागी दोन खडू, पायात काळे बूट आणि बुटात मोजे नाहीत. हातात एक नायलॉनची पिशवी. तिच्यात जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, स्टीलचा पेला, आणि युरियाच्या पोत्याचा एक धुतलेला तुकडा. गाडीखाली शिरायचं झालं की ते पोतं अंथरायचे आणि पाठीवर सरकत आत जायचे. सत्तरीला आलेला माणूस. बाहेर फक्त बूट दिसायचे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी गाडीचं नावसुद्धा काढलं नाही.

"काय काम करतोस?"

"मोटारीचं, गुरुजी. बोअरच्या."

"ते कळलं. रोज काय वाहतोस?"

"पाइप, केबल, मोटार, चेनपुली, अन् तीन पायांचा लोखंडी स्टँड."

"वजन किती होतं सगळ्याचं?"

मला सांगता येईना. कधी मोजलंच नव्हतं.

"उद्या काम कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी मी शिरूर ताजबंदच्या पुढच्या एका रानात मोटार काढत होतो, तर गुरुजी छत्री घेऊन बांधावरून चालत आले. सकाळच्या एसटीनं येऊन फाट्यापासून पायी आले होते. दिवसभर बाभळीखाली बसून राहिले. मधूनमधून उठायचे, एखादा पाइप एका टोकानं उचलून बघायचे, गडी माणसांना विचारायचे की हे दोघं उचलता का तिघं. गाडीवाट कशी आहे ते फाट्यापर्यंत चालत जाऊन बघून आले. त्या दिवशीची भाड्याची पिकअप मधल्या ओढ्यात पोटावर टेकली होती, तीही जागा त्यांनी बघितली. संध्याकाळी मला म्हणाले, "तुझं ओझं जड नाही, लांब आहे. आणि तू डांबरीवर कमी, रानात जास्त असतोस. तुला मोठं इंजिन नको. हौदा लांब पाहिजे, आणि गाडी खालून उंच पाहिजे. चल, आता शोधू."

खरं तर माझ्या मनात दुसरीच गाडी होती. माझ्या मेहुण्यानं घेतली होती तसली, पुढं चकचकीत जाळी असलेली. पण तेव्हा मी बेजार झालेलो होतो. मोटारी जळतात त्या उन्हाळ्यात, आणि भाड्याची गाडी मिळत नाही तीही उन्हाळ्यातच. शेतकरी एक दिवस थांबतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला बोलावतो. त्या वर्षी माझी बांधलेली चार गावं दुसऱ्याकडं गेली होती. आणखी एक उन्हाळा तसा गेला असता तर धंदा बंद करून कुणाच्या तरी हाताखाली जावं लागलं असतं.

पहिली गाडी आम्ही लातूरला बघितली. थंडीचे दिवस, सकाळचे आठ वाजलेले. पांढरीशुभ्र गाडी, धुऊन पुसून उभी. एजंट म्हणाला, "गुर्जी, एका हाताची गाडी हाय. डॉक्टरची."

"डॉक्टरला पिकअप कशाला लागते?"

"त्यांचं शेत हाय ना."

गुरुजींनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. "आज सकाळी कुठं गेली होती?"

"कुठंच न्हाई. दोन दिस झाले, हितंच उभी हाय."

"हं. ऊन लई झालंय म्हणायचं," गुरुजी म्हणाले. आम्ही दोघं स्वेटर घालून उभे होतो.

मग त्यांनी पिशवीतून लोहचुंबक काढलं आणि दाराला लावलं. ते खाली पडलं. दुसऱ्या दाराला लावलं, पडलं. पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग दिलेला. गुरुजींनी चुंबक उचललं, फुंकर मारून पिशवीत टाकलं आणि मला म्हणाले, "चल."

मला राग आला होता. बसस्टँडवर आल्यावर मी शेवटी म्हणालो, "गुरुजी, तुमी इंजिन तरी ऐकायचं होतं."

"काय ऐकायचं? आधीच चालू करून गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे पाठ करून आलेलं पोरगं. त्याला खरंच किती येतं ते कळत नाही. थंड इंजिन पहिल्या चावीला काय करतं, धूर कुठल्या रंगाचा सोडतं, तेवढंच खरं."

असल्या सहा गाड्या त्यांनी नापास केल्या. नापास हा त्यांचाच शब्द. ते गाडीला शंभरपैकी मार्क द्यायचे. इंजिनला पंचवीस, चॅसीला पंचवीस, ब्रेक, स्प्रिंगचे पाटे आणि टायरला मिळून वीस, कागदपत्रांना वीस. राहिलेले दहा मालकाला. मी विचारलं, मालकाला मार्क कशाचे? म्हणाले, "खरं बोलल्याचे. मालक खरं बोलत असला तर गाडीचे दोष घरी गेल्यावर निघत नाहीत, तिथंच निघतात."

माझी गाडी अखेर औशाजवळच्या एका गावात सापडली. फुलवाल्याची होती. तो रोज पहाटे लातूरच्या बाजारात झेंडू घेऊन जायचा. गाडी दिसायला भंगार. एक दार चेपलेलं, रंग उडालेला, आत कुजक्या फुलांचा वास. मी तोंड वाकडं केलं. गुरुजी मात्र मागच्या फाळक्यापाशी वाकून बघत होते. मागचे पाटे बोटानं मोजले. मग फुलवाल्याला विचारलं, "हिच्यातून आणखी काय वाहिलंय? खत? वाळू?"

"न्हाई जी. फुलंच. दिवाळी-दसऱ्याला दोन खेपा, नायतर येकच."

"दार कशानं चेपलं?"

"मीच उलटी घेताना खांबाला घातलं. घरची लई बोलली."

"विकता का?"

"ल्योक म्हणतोय, पॉलीहाऊस टाकू. आता गुलाब करायचेत. त्येला थंडीची गाडी लागती."

गुरुजींनी थंड इंजिन चालू करायला लावलं, बॉनेटवर पेला भरून पाणी ठेवलं आणि पाणी किती थरथरतं ते बघत बसले. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. क्लचच्या पेडलचं रबर बघितलं आणि मग मीटर बघितला, दोन्हींचा मेळ बसतो का म्हणून. आरसीवरचा चॅसी नंबर खडूनं हातावर लिहून घेतला आणि गाडीवरच्या नंबरशी एकेक आकडा जुळवला. कागदावर बँकेचा बोजा नव्हता. शेवटी पोत्यावर पाठ टेकून खाली गेले आणि खालूनच मला म्हणाले, "अरे बाबा, झेंडू वाहिलेली गाडी आहे ही. हिचं कंबरडं शाबूत आहे."

त्यांनी तिला एकाहत्तर मार्क दिले. मालकाला दहापैकी दहा. गाडी घरी नेली तर बायको म्हणाली, "ह्याच्यासाठी सहा महिने हिंडत होता का तुमी?" सीटखालून वर्षभर वाळलेल्या पाकळ्या निघत होत्या. ती गाडी अजून माझ्याकडं आहे. तिनं मला उन्हाळ्यात कधी उभं केलं नाही. गेलेल्या चार गावांतली तीन परत आली.

हे सगळं गुरुजी कुठं शिकले, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. तरुणपणी अकरा वर्षं ते किनवटकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत होते. वसतिगृहाचं धान्य आणायला एक जुनी गाडी होती, आणि धान्याबरोबर एका शिक्षकानं जायचं असा नियम होता. बाकीचे टाळायचे, म्हणून गुरुजी जायचे. गाडी घाटात बंद पडायचीच. म्हातारा ड्रायव्हर बॉनेट उघडायच्या आधी गुरुजींना विचारायचा, "सांगा मास्तर, काय झालंय? आवाज आठवा." चुकलं की पुन्हा आठवायला लावायचा. तिकडं पोरं ताटं घेऊन बसलेली असायची. गुरुजी म्हणायचे, "भूक लागलेली दीडशे पोरं डोळ्यांसमोर असली की कान आपोआप तयार होतो."

त्यांच्या मोबदल्याचं सांगायचं राहिलं. ते काही घ्यायचे नाहीत. एसटीचं तिकीट काढून द्यायचं, आणि दुपार झाली तर जेवण. एकदा नांदेडच्या एका एजंटानं घरी येऊन सांगितलं की माझ्या गाड्या पास करत जा, तुमचं बघू. गुरुजींनी त्याला बसवून घेतलं आणि त्याच्याच गाडीचे, ज्या गाडीतून तो आला होता तिचे, चार दोष सांगितले. फुकट. तो परत आला नाही.

सगळ्यांना ते गाडीच घ्यायला लावायचे असंही नाही. एका इलेक्ट्रिशियनला त्यांनी दोन दिवस त्याच्या कामावर बसून मग सांगितलं, "तुला गाडी नको. महिन्यातून दोनदा तुला गाडी लागते. बाकी दिवस ती दारात उभी राहील आणि तू तिच्यासाठी कामं शोधत हिंडशील. मोटारसायकलला एक पेटी बसव." तो रुसला. गाडी घेतलीच. वर्षानं विकली. गुरुजींनी ती विकायलाही त्याला मदत केली, आणि गिऱ्हाइकाला तिचे सगळे दोष आधी सांगितले.

असा माणूस लोकांना दुरून आवडतो. घरच्यांना त्याच्याबरोबर राहावं लागतं.

त्यांना एकच मुलगी. नांदेडला दिलेली. जावयाचा मंडपाचा धंदा. कनाती, खांब, खुर्च्या वाहायला त्याच्याकडं पिकअप होती. ती त्यानं लग्नाआधीच घेतलेली, त्यामुळं गुरुजींनी ती कधी बघितली नव्हती. म्हणजे दारात उभी बघितली असेल, पण खाली शिरून नाही.

औशाचा एक फरशीवाला माझ्या ओळखीचा. त्याला गाडी घ्यायची होती. नांदेडच्या बाहेर लातूर रोडला एका एजंटाकडं एक गाडी आहे असं कळलं, म्हणून आम्ही तिघं माझ्या गाडीतून गेलो. गाडी नुकती रंगवलेली, फाळक्यावरचं नाव खरवडून काढलेलं. गुरुजींनी बॉनेटला हात लावला, गार होतं. इंजिन चांगलं निघालं. फरशीवाला खूश झाला. गुरुजींनी पोतं अंथरलं आणि खाली गेले.

तेवढ्यात एजंटानं फोन करून बोलावलेला मालक मोटारसायकलवर आला. उतरला, गाडीकडं चार पावलं आला आणि थांबला. गाडीखालून बाहेर आलेले काळे बूट बघत राहिला. मोजे नसलेले.

"मामा?" तो म्हणाला.

गुरुजी सरकत बाहेर आले. शर्टाला माती लागलेली. बसल्या बसल्याच वर बघितलं.

"गाडी तुमची आहे?"

"हाव."

"मला वाटलं तुमच्या भावाकडं दिली."

"न्हाई. इकायची हाय. दुसरी घ्यावी म्हणून राहिलो." मग तो एजंटाकडं वळून म्हणाला, "माझे सासरे हायत. चहा सांग बरं."

एजंटाचा चेहरा खुलला. फरशीवाला माझ्या कानाशी म्हणाला, "घरातलीच गाडी निघाली की. बरं झालं." मला मात्र गुरुजींचा चेहरा दिसत होता. चहा आला तेव्हा ते म्हणाले, "आधी काम होऊ द्या," आणि पुन्हा गाडीखाली गेले. या वेळी खूप वेळ बाहेर आले नाहीत. चहावर साय धरली.

बाहेर आल्यावर त्यांनी हात झटकले आणि जावयाला विचारलं, "जावईबापू, गाडीला कधी काही झालं होतं का?"

जावयानं माझ्याकडं बघितलं, फरशीवाल्याकडं बघितलं. "न्हाई, मामा. काय बी न्हाई."

"एकदा आठवून बघा."

"न्हाई म्हणलं ना मामा."

गुरुजी मग फरशीवाल्याकडं वळले. "मागं किती माणसं बसतात तुझी?"

"चार. कवा पाच."

"फरशीच्या पेट्यांवर?"

"हाव. दुसरं काय करावं."

"मग ही घेऊ नको. चॅसी डाव्या अंगानं तुटलेली आहे. वेल्डिंग करून वर रंग मारलाय. मी खडूनं गोल केलाय, वाकून बघ."

फरशीवाला वाकला नाही. कुणीच वाकलं नाही. जावई लाल झाला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, यायच्या आदी एक फोन करायचा होता."

"गाडी तुमची आहे हे मला कुठं माहीत होतं? आणि केला असता तर काय झालं असतं?"

जावयानं खिशातून मोटारसायकलची चावी काढली. गुरुजी म्हणाले, "चॅसी बदलून घ्या. मग गिऱ्हाईक मी आणून देतो."

"तुमच्या पोरीच्या घरातली गाडी हाय ही. येवढं तरी ध्यानात ठेवायचं होतं," जावई म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

परतताना लोह्याजवळ फरशीवाला म्हणाला, "माझ्यामुळं झालं, गुर्जी." गुरुजी म्हणाले, "तू गाडी घ्यायला आला होतास. तुझं काय चुकलं?"

पुढचं मला काकूंकडून कळलं. वर्षापूर्वी गाडी एका पुलाच्या कठड्याला धडकून खाली गेली होती. जावई त्यात थोडक्यात वाचला. मुलीनं वडिलांना फिकीर नको म्हणून ते सांगितलं नव्हतं. आता ती फोनवर रडून म्हणाली होती की अण्णांनी माझ्या घरात मला बोलायला तोंड ठेवलं नाही. त्या दिवाळीला ती आली नाही. नागपंचमीला आली नाही. काकू एकदा मला म्हणाल्या, "पंचमीला पोरगी येत न्हाई म्हंजी काय असतं, ह्यांना कोण सांगावं? ह्यांचं आपलं येकच. मागं चार माणसं बसणार होती."

खरंच ते तेवढंच म्हणायचे. कुणी विषय काढला की, "मागं चार माणसं बसणार होती." गाड्या बघायचं काही त्यांनी सोडलं नाही. फक्त नांदेडची गाडी असली की तब्येतीचं कारण सांगायचे.

एकदा मात्र वेगळं बोलले. माझ्या कामावर आले होते, सहज. बाभळीखाली बसलो होतो. मी विचारलं, "गुरुजी, तवा सांगितल्याचा पस्तावा होतो का?"

"सांगितल्याचा नाही." मग म्हणाले, "बाजूला नेऊन सांगायला पाहिजे होतं. त्याचा एजंट, त्याचं गिऱ्हाईक, सगळ्यांसमोर सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तेही सगळ्यांसमोरच. वर्गात मी पोरांना तसंच करायचो. उभं करून, दोनदा. मला वाटायचं, त्यानं पोरं खरं बोलायला शिकतात."

"मग?"

"काही पोरं शाळा सोडून गेली."

त्याच सुमारास मला लातूर रोडच्या त्या एजंटाकडून एक कळलं. जावयानं ती गाडी नंतर कुणालाच विकली नाही. गिऱ्हाईक आलं होतं, पारखून न बघणारं, तरी विकली नाही. इंजिन काढून घेतलं आणि बाकीची कापून भंगारात दिली. तेव्हापासून भाड्याच्या गाडीवर मंडप वाहत होता. मी गुरुजींना हे सांगितलं.  त्या दिवशी त्यांनी मला दोनदा विचारलं, "नक्की भंगारात दिली का?"

दोन वर्षं होत आली आणि मुलीच्या नवीन घराची वास्तुशांत निघाली. निमंत्रणाचा फोन काकूंना आला. पण त्याच दिवशी जावयाचा मला फोन आला. म्हणाला, "तुमी मामा-मामींना घेऊन या. मामा येसटीनं येतो म्हणतील. तुमीच आणा." मी काकूंना आणि गुरुजींना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. काकू मधे, गुरुजी खिडकीपाशी. त्यांनी पिशवी आणली नव्हती. खिशात खडूही नव्हते. नवीन शर्ट होता आणि काकूंनी त्यांना मोजे घालायला लावले होते.

पूजा झाली, जेवणं झाली. मुलगी वडिलांच्या पाया पडली. तिनं विचारलं, "गोळ्या घेता का वेळंवर?" ते म्हणाले, "घेतो." मग पाहुणे पांगल्यावर जावई पुढं आला. दारासमोर लिंबाखाली एक पिकअप उभी होती. जुनीच, पण नीट ठेवलेली.

"मामा, मागच्या महिन्यात घेतली. मीच बघून घेतली." त्यानं दार उघडलं. "येक चक्कर मारता का?"

मुलगी उंबऱ्यात उभी होती. काकू तिच्या मागं. मला वाटलं, आता गुरुजी पोतं मागतात की काय. पण ते नुसते जाऊन खिडकीपाशी बसले. मी मधे बसलो. जावयानं गाडी काढली, मोठ्या रस्त्याला घेतली, एका चौकातून वळवून परत आणली. दहा मिनिटं. गुरुजी खिडकीतून बाहेर बघत होते. उतरल्यावर जावयानं विचारलं, "कशी वाटली?"

सगळे बघत होते. गुरुजींनी दारावर हात ठेवला. "चांगली आहे," ते म्हणाले. "सांभाळून चालवा."

मार्क नाहीत, काही नाही. मुलीनं तोंडाला पदर लावला. जावई हसला आणि काय करावं न कळून त्यानं गाडीची काच पुसायला घेतली.

परत येताना काकूंना मधे डुलकी लागली. लोहा मागं पडलं तसं गुरुजी हळूच म्हणाले, "मागचं डावं बेअरिंग गेलंय त्याचं."

मी ब्रेकवर पाय ठेवला. "काय?"

"चाकाचं. घुं घुं येतंय. उजवीकडं वळताना वाढतंय, म्हणजे डावीकडचं. आठ दिवस चालेल. खुर्च्या भरून लांब गेला तर चालणार नाही."

"मग तिथं काऊन बोलला न्हाईत?"

"दोन वर्षांनी त्यानं दारात उभं राहून विचारलं. पोरगी बघत होती. तिथं काय बेअरिंग काढत बसू?" त्यांनी काकूंकडं बघून आवाज आणखी खाली आणला. "तू उद्या जा. तुझं नाव सांग. म्हणावं, मी मधे बसलो होतो, मला ऐकू आलं."

दुसऱ्या दिवशी मी परत नांदेडला गेलो. जावई दारातच होता. मी म्हणालो, काल मागच्या डाव्या चाकात आवाज वाटला मला, जॅक लावून बघा. त्यानं जॅक लावला, चाक फिरवलं, कान जवळ नेला. पुन्हा फिरवलं. बेअरिंग खरंच गेलं होतं. मग कपड्याला हात पुसत माझ्याकडं बघत म्हणाला, "मामांनी पाठवलं का तुमाला?"

"न्हाई. मी पाइप न्यायला आलो होतो, म्हणलं जाता जाता सांगावं."

तो माझ्या गाडीपाशी गेला, रिकाम्या हौद्यात डोकावला. "कुठं हायत पाइप?"

"भरायचेत अजून."

त्यानं फाळक्यावर थाप मारली. मग आत हाक मारून म्हणाला, "अगं, चहा टाक. ह्यांना थांबवून घे." मेकॅनिकला फोन लावला. मी असतानाच बेअरिंग बदललं गेलं. पाचच्या सुमाराला त्यानं गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "मामांना सांगा, आवाज गेला."

संध्याकाळी मी अहमदपूरला गुरुजींच्या घरी गेलो. ते दारात खुर्ची टाकून बसले होते.

"गेला होतास?"

"गेलतो. बदललं बेअरिंग."

"माझं नाव घेतलंस का?"

"न्हाई घेतलं. त्यालाच कळलं. म्हणाला, मामांना सांगा, आवाज गेला."

गुरुजी मग म्हणाले, "हुशार आहे पोरगा." जावयाबद्दल त्यांच्या तोंडून चांगला शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते खुर्चीवरून उठले आणि आत वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? जावईबापूंनी बेअरिंग बदललं."

"कशाचं?" काकू आतून म्हणाल्या.

मग गुरुजी स्वयंपाकघरात गेले, आणि बेअरिंग म्हणजे काय, ते चाकात कुठं असतं आणि ते गेलं की काय होतं, हे काकूंना पोळपाट फिरवून समजावून सांगायला लागले.